चष्म्याचा नंबर घालवायला लॅसिक, स्माइल की पीआरके?

मायनस नंबरासाठी या तिन्ही लेझर शस्त्रक्रियांनी नजर शेवटी जवळपास सारखीच सुधारते. फरक आहे तो कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, काम कसं करतात यात. लॅसिकमध्ये पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात. दुसऱ्या दिवशीच बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं, पण डोळे कोरडे पडण्याचा त्रास जास्त, आणि जोराचा मार बसला तर पापुद्रा सरकू शकतो. स्माइलमध्ये २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून कॉर्नियाच्या आतली पातळ चकती काढतात, पापुद्रा नाहीच. पीआरके सगळ्यांत जुनी; तिच्यात पापुद्रा न कापता कॉर्नियाच्या वरूनच लेझर मारतात. सुरुवातीचे काही दिवस डोळे चांगलेच चुरचुरतात, नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. तरीही कॉर्निया पातळ असेल किंवा कुस्ती-कबड्डी खेळत असाल, तर मी डॉक्टरांना आधी तिच्याबद्दलच विचारायला सांगेन. आणि टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराची तपासणी, केल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका: केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) निघाला तर लॅसिक धोक्याचं आहे.