'चेक'मधला बादशहा

प्रश्न : हिशेब 'चेक' करतो, बँकेत 'चेक' भरतो, शर्ट 'चेक्स'चा घेतो आणि बुद्धिबळात 'चेक' देतो. हा एकच शब्द, की नुसते सारखे उच्चार? आणि 'चेकमेट'मधला 'मेट' म्हणजे मित्र का?

उत्तर : शब्द एकच, आणि तो बुद्धिबळाच्या पटावरून उठला आहे. फारसीत 'शाह' म्हणजे राजा. हा शब्द अरबीमार्गे युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत 'चेक'. 'चेस' हे नावही त्याच्याच अनेकवचनातून आले. मराठीतला 'शह' त्याच 'शाह'चा, त्यामुळे 'चेक' आणि 'शह' ही भावंडेच.

शह बसला की बाकीचे बेत बाजूला राहतात, आधी राजाला सोडवावे लागते. त्यावरून 'चेक' म्हणजे अटकाव. मग अटकावून खात्री करणे, म्हणजे तपासणे. 'कीप इन चेक'मध्ये जुना अर्थ अजून शाबूत आहे. त्याचे 'तपासणीत ठेवणे' असे भाषांतर छापलेले दिसते, ते साफ चूक. तिथे 'आवर घालणे' हवे.

'चेक्स' हे पटावरच्या घरांवरून. इंग्लंडच्या राजाचा खजिना 'एक्सचेकर' म्हणवतो तोही पटावरूनच. बाराव्या शतकात तिथे सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद मेजावर रेघांचे काळे कापड अंथरून हिशेब होई. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात पेन्स, मग शिलिंग, मग पौंड, पुढे विसा, शेकडे, हजार. रकान्यांत सोंगट्या मांडायच्या. 12 पेन्स झाले की त्या उचलून शिलिंगच्या रकान्यात एक ठेवायची. अक्षरशत्रू अधिकाऱ्यालाही बाकी डोळ्यांनी दिसे.

बँकेचा चेक अठराव्या शतकातला. आधी हे नाव स्थळप्रतीचे होते. बनावट कागद पकडायला, म्हणजे लबाडीला अटकाव करायला, ती ठेवत. पुढे नाव मूळ कागदालाच चिकटले. ब्रिटिश स्पेलिंगच्या शेवटी 'क्यूयूई' येते ते 'एक्सचेकर'च्या प्रभावाने. अमेरिकेत 'सीके'च लिहितात.

'मेट'चा मित्राशी संबंध नाही. तो 'शाह मात'मधला 'मात', आपण 'मात केली' म्हणतो तोच. अरबी 'मात'वरून 'राजा मेला' असा अर्थ सर्रास सांगतात. आम्हाला फारसी 'मात', म्हणजे हतबल, हा अर्थ अधिक पटतो. बुद्धिबळात राजा कधी मारला जातच नाही, फक्त त्याला हलायला घर उरत नाही.