सीनियर कॉलेजला शासनाची मान्यता कशी मिळते? मंत्रालयात ओळख लागते का?

तुम्ही लिहिलंय की संस्थेच्या सात खोल्या बांधून तयार आहेत, पुढच्या जूनला बी.ए., बी.कॉम. सुरू करायचंय. आमच्याही खोल्या सातच होत्या. चार वर्षं त्यांत सोयाबीन होतं.

आधी कामाचं सांगतो. नवी कॉलेजं कुठे हवीत याचा विद्यापीठ एक बृहत आराखडा करतं; त्यात नाव आलेलं ठिकाण म्हणजे स्थळबिंदू. तुमच्या गावाचा बिंदू त्यात आहे का ते बघा. नसेल तर पुढचं सगळं सोडा. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठे कायद्यात स्वच्छ लिहिलंय, आराखड्याशी न जुळणारा अर्ज विद्यापीठाने विचारातच घ्यायचा नाही. आराखडा पाच वर्षांचा असतो, सध्याचा 2024 ते 2029. बिंदू असेल तर कुलसचिवांकडे अर्ज, छाननी, शिफारस, शासनाचं इरादापत्र (म्हणजे अटींवरची प्राथमिक संमती), त्यातल्या अटी पुऱ्या केल्याचा अहवाल, विद्यापीठाची समिती आणि मग अंतिम मान्यता. संलग्नीकरण, म्हणजे कॉलेज विद्यापीठाला जोडून घेणं, त्यानंतर, ते वेगळं. कायद्यात अर्जाची मुदत सप्टेंबरअखेर आणि अंतिम मान्यतेची 15 जून. दिवाळीत मनात आलं आणि जूनला घंटा वाजली, असं होत नाही.

आता ओळखीचं. यावर मी गेली सात वर्षं आमच्या दादांशी भांडतोय, म्हणूनच लिहायला बसलो.

दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, संस्थेचे अध्यक्ष. मी हायस्कूलला मास्तर, आणि संस्थेचा सचिव, कारण कागद लिहायला दुसरं कुणी नव्हतं. 2018 साली नव्या आराखड्यासाठी विद्यापीठाने माहिती मागवली. आसपास ज्युनियर कॉलेजं किती, बारावीला पोरं बसतात किती, पास होतात किती, जवळचं सीनियर कॉलेज किती लांब, जायला वाहन काय. मी मोटारसायकलवर पाच ज्युनियर कॉलेजं फिरून आकडे आणले. आमच्या टापूतल्या मुली बारावीनंतर घरी का बसतात ते त्या तक्त्यात दिसत होतं. तालुक्याहून परतीची शेवटची एसटी पाचला, आणि कॉलेजचे तास सुटायचे सव्वापाचला.

तक्त्यावर अध्यक्षांची सही हवी होती. दादा म्हणाले, "मास्तर, असल्या तक्त्यांनी कॉलेजं मिळतात होय? इमारत उभी करू. इमारत बघितल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती आहे!" तक्ता त्यांच्या खणात गेला, मुदतही गेली. स्लॅब मात्र पडला. गावाची वर्गणी होती, त्यात माझ्या फंडातले दीड लाख.

मग दादा दर महिन्याला मुंबईला. रात्रीची गाडी, सकाळी पासाच्या खिडकीपुढे रांग, हातात निवेदन. कधी त्यावर "तपासून सादर करावे" असा शेरा पडायचा. तो कागद लॅमिनेट करून दादा गावभर दाखवायचे. शेरा म्हणजे मान्यता नव्हे, असं म्हणणारा मी एकटा. म्हणून मी घरभेदी.

आराखडा आला तेव्हा बिंदू सहा किलोमीटरवरच्या शेजारगावाला. तिथे तेव्हा एक खोलीसुद्धा नव्हती! त्यांच्या सचिवाने तक्ता वेळेत भरून दिला होता, बस्स. दादांचं म्हणणं आजही एकच, "वरून कुणीतरी कळ फिरवली." सात खोल्या आडत दुकानदाराला भाड्याने गेल्या.

दादा अगदीच चूक आहेत असंही नाही, हे कबूल करायला पाहिजे. कायदा त्यांनीही वाचलाय, एवढा एकच तुकडा: विद्यापीठाने शिफारस न केलेला अर्जसुद्धा अपवाद म्हणून, कारणं लेखी नोंदवून, शासन मंजूर करू शकतं. 1994 च्या जुन्या कायद्यात कलम 82 होतं, त्यातही ही सोय होती. "मग मागचं दार आहे ना?" आहे. पण त्या दारातून आत घ्यायला आधी अर्ज लागतो. आमचा अर्ज कधी गेलाच नव्हता. गेली होती ती निवेदनं.

2023 ला पुढच्या आराखड्याची वेळ आली तेव्हा मी तक्ता पुन्हा केला, सचिव म्हणून सही ठोकली आणि स्वतः नेऊन पोच घेतली. दादांना बोललो नाही. बिंदू आला, पुढे इरादापत्रही आलं.

आणि मग अडकलो, तेही माझ्याच चुकीने. नऊ विश्वस्तांपैकी दोघे वारलेले. त्यांच्या जागी नवे घेतले, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्या बदलाची नोंद करायचे फेरफार अर्ज टाकायचे राहून गेले, सहा वर्षं. ठरावावर ज्यांच्या सह्या, त्यांची नावं परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, नाहीत. त्या दिवशी दादा पोट धरून हसले. "हे आमचे कागदवाले मास्तर!" वकिलाच्या पायऱ्या झिजवून ते निस्तरलं, अटींचा अहवाल मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. तेव्हा इमारतीला रंग देण्याआधी तुमचं परिशिष्ट एक काढून बघा. जमीन संस्थेच्या नावावर आहे की अध्यक्षांच्या, तेही बघा. अध्यक्षांच्या नावावर असेल तर आत्ताच भांडून घ्या, नंतर जमत नाही.

समिती आली तेव्हा खोल्यांना सोयाबीनचा वास होता. त्याचं कुणी काही म्हणालं नाही. समितीतल्या एका बाईंनी ग्रंथालयाची दाखल नोंदवही उघडली, मधल्याच एका क्रमांकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे पुस्तक दाखवा." निघालं. एका रात्रीसाठी दुसऱ्या संस्थेची पुस्तकं आणून मांडणारे असतात, आतल्या शिक्क्यांवर पकडले जातात. तसलं करू नका.

खर्च विचारलाय. अर्जाची फी, ठेव हे तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा. खरा खर्च पुढचा आहे. नवं कॉलेज स्वयंअर्थसहाय्यित मिळतं, पगार फीमधून. बी.ए.ला खेड्यात फी घेऊन घेऊन किती घेणार? प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, येतात आणि दुसरीकडे बरं मिळालं की जातात. "पुढेमागे अनुदान येईल" असं सांगून नोकरीच्या बदल्यात पोरांकडून पैसे घेणार असाल, तर मी तुमच्या बाजूचा नाही, उत्तर इथेच सोडा.

शेवटी पुढेमागे विद्यापीठ काढायचा विचार आहे असंही लिहिलंय. खासगी विद्यापीठाला विधिमंडळाचा कायदा लागतो. छत्तीसगडने 2002 च्या कायद्याखाली नुसत्या अधिसूचना काढून शंभरावर विद्यापीठं उभी केली होती, कागदावर. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्द केली. आधी बी.ए.चं पहिलं वर्ष भरा.

हे सगळं साध्या कला-वाणिज्य कॉलेजचं. इंजिनिअरिंग, फार्मसी, बी.एड. असेल तर दिल्लीच्या परिषदा मध्ये येतात, त्यातलं मला विचारू नका. तारखाही शासन पुढेमागे करतं, चालू वर्षाचं परिपत्रक बघा. आणि मी वकील नाही.

उद्घाटनाला दादांनी पाच जणांचे आभार मानले, पाचही मुंबईचे. 2023 च्या तक्त्याची पोच माझ्या खिशात होती. काढली नाही. पहिल्या वर्षाला 41 प्रवेश झाले, त्यात 29 मुली. एसटी अजून पाचचीच आहे, म्हणून शेवटचा तास आम्ही साडेचारला सोडतो.