डोळे मिटले की नुसता अंधार?

‘डोळ्यांसमोर सफरचंद आणा’ म्हटल्यावर मला मनात कुठलंच चित्र दिसत नाही. इतरांना मात्र खरंच काहीतरी दिसतं, हे कळलं तेव्हा मीही आठवडाभर भेटेल त्याला ‘तुला दिसतं का?’ विचारून छळत होतो. तुमचंही असंच असेल आणि आत्ताच कळलं असेल, तर तुम्हीही छळाल. घरचे वैतागतील, चालायचंच.

मनात चित्र न दिसणं, म्हणजेच अफँटेशिया, हा आजार नाही. १८८० मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हाही काहींना काहीच दिसलं नव्हतं. ‘अफँटेशिया’ हे नाव मात्र ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलं. अॅनिमेशनपट बनवणाऱ्या पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल आपल्यातलेच, तेव्हा ‘आपल्याला कल्पनाशक्तीच नाही’ हे खूळ आधी डोक्यातून काढा.

चित्र दिसत नाही म्हणजे आठवत नाही, असंही नव्हे. किल्ल्यांचा जुडगा मला मनात दिसत नाही. पण तो दाराजवळ, डाव्या हाताला, खुंटीवर आहे हे पक्कं ठाऊक असतं. हात बरोबर तिथंच जातो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना स्वप्नंही चित्रांसकट पडतात!

ध्यानाच्या वर्गात ‘समुद्रकिनारा बघा’ म्हणाले की मी सरळ श्वास मोजतो. पाठांतरालाही चित्रांच्या युक्त्या नकोत. मोठ्यानं बोला, कागदावर आकृती काढा. आणि जवळच्या माणसांचे फोटो भरपूर काढून ठेवा. हे मला फार उशिरा सुचलं.

फक्त, आधी दिसायचं आणि डोक्याला मार लागल्यावर वगैरे अचानक थांबलं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.