यंत्र-तंत्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची तूरडाळीची छोटी मिल आहे. कलर सॉर्टर (रंग पाहून खराब दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला काढणारं यंत्र) उन्हाळाभर नीट चालला. पाऊस लागल्यापासून काळा दाणा मालात राहतो आणि चांगली डाळ रिजेक्टमध्ये, म्हणजे बाजूला काढलेल्या मालात, पडते. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर रिजेक्ट आणखी वाढला. – एक वाचक, जळगाव

उत्तर : सेन्सिटिव्हिटी आधी होती तिथे आणा. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे, कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेतलं पाणी. च्यूटवरून, म्हणजे उतरत्या पन्हळीवरून, दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने येतो असं धरा. फुंकर मारणाऱ्या इजेक्टरची झडप दोन मिलिसेकंद उशिरा उघडली तर तेवढ्यात तो सहा मिलिमीटर पुढे जातो. काळा दाणा निसटतो आणि फुंकर मागच्या चांगल्या दाण्याला बसते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी जास्त साचतं. ते लाइनमधून इजेक्टरपर्यंत पोचलं की डाळीच्या पिठाशी कालवून झडपा चिकटतात.

टाकीचं पाणी प्रत्येक पाळीला काढा. हवा कोरडी करणारा ड्रायर चालू आहे का, फिल्टरखालचा ऑटो ड्रेन खरंच पाणी सोडतो का, हे पाहा. तो तुंबलेला अनेकदा लक्षातच येत नाही. मग डोळ्यांना चष्मा लावून, दाब कमी ठेवून, सॉर्टरच्या आधीच्या जोडावर पांढरं कापड अर्धा मिनिट धरा. ओल किंवा तेलाचा डाग दिसला तर हवा सुधारल्याशिवाय नवे इजेक्टर बसवू नका, तेही बिघडतील.

हवा कोरडी असेल तर पॅनलवरून एकेक इजेक्टर वाजवून बघा. ठरावीक पट्ट्यातच काळा दाणा राहत असेल तर त्या पट्ट्याची झडप धरा. सगळीकडेच राहत असेल तर कॅमेऱ्यापुढची काच, च्यूट आणि हवेचा दाब तपासा. ओलसर डाळीचं पीठ च्यूटला बसलं की दाणा अडखळत येतो आणि वेळ चुकते. च्यूट कोरड्या कापडाने पुसा, वायब्रेटरचा फीड, म्हणजे त्यातून सुटणारा माल, थोडा कमी करा.

प्रश्न : सॉर्टर आल्यावर निवडणाऱ्या बायांचं काम जाईल का? – एक वाचक, धुळे

उत्तर : हातनिवडीचं काम कमी होतं, हे खरं. पण साधा सॉर्टर फक्त रंग पाहतो. डाळीच्याच रंगाचा खडा त्याला सापडत नाही, त्यासाठी वजनावर वेगळं करणारा डीस्टोनर आधी लागतो. कीडका, डागी, टरफली दाणा या बायांना नजरेनेच कळतो. तासातासाला चांगला माल आणि रिजेक्ट अशा दोन्ही तोंडांचा शंभर-शंभर ग्रॅम नमुना तपासून पॅनलवरची सेटिंग लावायला त्यांनाच शिकवा, आणि मजुरी त्या कामाची द्या.