वाचकांचे प्रश्न : परदेशातल्या मुलाचं पालकत्व घेताना

प्रश्न : मॉलमध्ये एका संस्थेच्या स्टॉलवर मुलांच्या फोटोंची कार्डं मांडली होती. माझ्या मुलीने ग्वाटेमालातल्या सात वर्षांच्या एका मुलीचं कार्ड उचललं. महिन्याला ४० डॉलर देऊन तिचं पालकत्व घ्यायचं, म्हणजे ती तिच्या घरीच राहणार आणि खर्चाला हातभार आपण लावायचा. कार्ड घरी आणलंय, पैसे अजून भरलेले नाहीत. संस्था भरवशाची आहे का, हे कसं तपासायचं? आणि हे पैसे त्या मुलीलाच मिळतात ना?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. नाही, ४० डॉलर तिच्या किंवा तिच्या आईच्या हातात पडत नाहीत. सगळ्या पालकांचे, म्हणजे तुमच्यासारख्या देणगीदारांचे, पैसे एकत्र होतात आणि त्यातून तिथला कार्यक्रम चालतो. काही संस्था नोंदवलेल्या मुलांसाठी केंद्र चालवतात. शाळा सुटल्यावर मुलं तिथे येतात. जेवण, वह्या-पुस्तकं, आरोग्यतपासणी तिथे होते. काही संस्था सगळ्या गावासाठी पाणी, शाळा, लसीकरण अशी कामं करतात आणि तुमच्या कार्डावरचं मूल त्या गावातलं एक असतं. दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात, पण तुम्हाला कोणती हवी ते आधी ठरवा.

अमेरिकेच्या करकायद्यातली एक गोष्ट इथे कामाला येते. ठरावीक एकाच व्यक्तीसाठी राखून दिलेल्या पैशांवर करसवलत मिळत नाही. देणगी संस्थेला द्यावी लागते आणि ती कशी वापरायची हे संस्थेच्या हातात असावं लागतं. त्यामुळे 'तुमचा प्रत्येक डॉलर याच मुलीला' असं सांगणारी संस्था करसवलतीची पावतीही देत असेल, तर दोन्हीतलं एक खोटं आहे. कार्डाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पैसे एकत्रित निधीत जातात हे पैसे घेण्याआधी, ठळकपणे सांगणारी संस्था आमच्या लेखी पहिल्या परीक्षेत पास.

आता कागदपत्रं. कार्डावर संस्थेचा करक्रमांक, म्हणजे ईआयएन, शोधा. नसेल तर मागून घ्या. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या, साइटवरच्या करमुक्त संस्थांच्या यादीत नाव न टाकता तो क्रमांकच टाका. मिळत्याजुळत्या नावांच्या संस्था इतक्या आहेत की नावावरून शोधलं तर भलत्याच संस्थेचे हिशेब समोर येतात. तिथे फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेने करखात्याला दिलेला वर्षाचा हिशेब, मिळतो. मिळाला नाही तर संस्थेकडून गेल्या तीन वर्षांचे मागा. मागितल्यावर द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे. चर्च म्हणून नोंदलेल्या संस्थांना मात्र हा फॉर्म भरावा लागत नाही, तिथे लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागायचा.

फॉर्म लांबलचक असतो, पण थेट भाग ९ उघडा आणि ओळ २५ वर या. चार रकाने दिसतील : एकूण खर्च, प्रत्यक्ष कामाचा खर्च, व्यवस्थापन आणि निधीसंकलन. समजा, एकूण २ कोटी डॉलर. काम दीड कोटी, व्यवस्थापन २० लाख, निधीसंकलन ३० लाख. म्हणजे कामावर ७५ टक्के. देणगीदारांसाठी संस्था तपासणाऱ्या बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्सचा निकष किमान ६५ टक्क्यांचा आहे, त्यामुळे हे चांगलंच दिसतं.

पण लगेच खूश होऊ नका. त्या दीड कोटीत औषधं, कपडे अशा देणगीत आलेल्या वस्तू किती, ते बघा. त्यांची किंमत संस्थाच लावते. जागतिक बाजारात काही सेंटला मिळणारी जंताची गोळी अमेरिकेतल्या दुकानाच्या भावाने मांडली की कागदावर काम फुगतं. शेड्यूल एफ या फॉर्मच्या पुरवणीमध्ये परदेशातली रोख मदत आणि वस्तूरूपी मदत वेगवेगळ्या रकान्यांत असते. आपल्या उदाहरणात वस्तू ९० लाखांच्या निघाल्या, तर रोख खर्च उरतो १ कोटी १० लाख आणि त्यातला कामावरचा फक्त ६० लाख, म्हणजे ५५ टक्क्यांच्या आत. तुम्ही देणार ते रोख ४० डॉलर, म्हणून तुमच्या कामाचा आकडा हाच. त्याच शेड्यूलच्या पहिल्या भागात प्रदेशवार खर्च असतो. कार्ड ग्वाटेमालाचं आणि मध्य अमेरिकेपुढे जेमतेम रक्कम, असं दिसलं तर विचारा.

उलट, व्यवस्थापनावर १५ टक्के दिसले म्हणून संस्थेवर काट मारू नका. मुलांची नोंद ठेवणं, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं, हिशेब बघणं यालाच पैसे लागतात. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी काही नामांकित संस्थांमार्फत मुलांचं पालकत्व घेऊन त्यांचा माग काढला होता. मालीतली एक मुलगी दगावली होती, तरी तिच्या नावावर पैसे घेणं चालूच होतं. गावापर्यंत जाऊन हजेरी घेणारा माणूस नसला की असं होतं, आणि त्या माणसाचा पगार 'व्यवस्थापन' या नावाने नाकारला जातो.

या पद्धतीचा उपयोग होतो का, असंही पुष्कळजण विचारतात. मुलांना असे पालक मिळवून देणाऱ्या कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेच्या कामाचा अभ्यास ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज यांनी सहा देशांत केला; त्यात भारत आणि ग्वाटेमालाही होते. २०१३ मध्ये आलेल्या त्या निबंधानुसार पालकत्व मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. ही संस्था स्थानिक चर्चमार्फत काम करते आणि धर्मशिक्षण कार्यक्रमाचाच भाग असतो. तुम्हाला ते चालणार आहे का, हे घरात आधी बोलून घ्या.

पैसे भरण्याआधी ईमेलवर एवढं विचारा : या मुलीला किती पालक जोडलेले आहेत? तिने गाव सोडलं तर मला किती दिवसांत कळेल? तुम्ही त्या भागातून कधी बाहेर पडणार? नेमकी उत्तरं आठवड्याभरात आली तर पुढे जा. उत्तराऐवजी आणखी तीन मुलांचे फोटो आले तर कार्ड परत करा.

प्रश्न : माझा पासपोर्ट ब्रिटिश, सोबत ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड) आहे; नवऱ्याचा अजून भारतीय. सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेतल्या दोन मुलींचं शैक्षणिक पालकत्व घ्यायचंय. शाळेचा ट्रस्ट म्हणतो, थेट आमच्या खात्यात पाठवा.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुम्ही पाठवू नका, नवऱ्याला पाठवू द्या. परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा भारताचा एफसीआरए कायदा रक्त बघत नाही, पासपोर्ट बघतो. ओसीआय असलात तरी तुम्ही परकीय नागरिक, तुमची देणगी परकीय देणगी. ती घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यांच्या खास खात्यातच यायला हवेत. तुम्ही गावच्या बँकेतल्या साध्या खात्यात शंभर पौंड टाकलेत, तर कायदा मोडला जाईल तो ट्रस्टच्या हातून आणि निस्तरावंही त्यांनाच लागेल.

भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. मात्र ती त्याच्या एकट्याच्या नावच्या खात्यातून जाऊ द्या. तुमच्या दोघांच्या जोडखात्यातून गेली की पैसा कुणाचा, हा प्रश्न निघतो. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत ट्रस्टला फाइलसाठी द्या.

'ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेला द्या, ते आम्हाला देतील' हा जुना मार्ग २०२०च्या दुरुस्तीने बंद झाला. परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ट्रस्टने स्वतः नोंदणी करायची तर तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो, तो छोट्या शाळेला अवघड जातो. आणि नोंदणी असलेल्या संस्थेचीही गृहमंत्रालयाच्या साइटवर दरवर्षी खात्री करा. नाव मोठं म्हणून नोंदणी टिकतेच असं नाही : मुलांसाठी काम करणाऱ्या वर्ल्ड व्हिजन इंडियाची २०२४ मध्ये रद्द झाली. सरकारने पूर्वपरवानगीची अट घातल्यावर कम्पॅशनला २०१७ मध्ये भारतातलं काम बंद करावं लागलं, तेव्हा १ लाख ४० हजारांहून जास्त मुलांचं पालकत्व एकदम तुटलं.

गिफ्ट एड, म्हणजे ब्रिटिश सरकार देणगीत घालतं ती करातली भर (१० पौंडांचे साडेबारा), फक्त ब्रिटिश संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळतं. सातारच्या ट्रस्टला दिलं तर नाही.

प्रश्न : नैरोबीजवळच्या एका अनाथालयाचा व्हिडिओ पाहिला. भारतातून तिथल्या मुलाचा खर्च उचलता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाठवता येतं. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवायची मुभा आहे आणि देणगी त्यात बसते. बँकेत पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म लागेल. ८०जीची, म्हणजे देणगीवरची, करवजावट मिळणार नाही.

पण अनाथालयालाच द्यावं का, यावर आमचं मत स्पष्ट आहे : शक्यतो नको. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आईवडील किंवा निदान एकजण जिवंत असतो. घरात फी भरायची ऐपत नसते म्हणून मूल तिथे येतं, आणि देणगी डोक्यांवर मिळते म्हणून तिथेच राहतं. केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी याच काळजीपोटी थांबवली. तेवढेच पैसे घरी राहणाऱ्या मुलाची फी, गणवेश आणि दुपारचं जेवण भागवणाऱ्या संस्थेला द्या.

तरीही याच ठिकाणी द्यायचं असेल, तर विचारा की गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली. 'एकही नाही' हे उत्तर वाईट. आणि एम-पेसा या तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर कुणा माणसाच्या मोबाइल नंबरवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. रक्कम नोंदणीकृत संस्थेच्या बँकखात्यातच जायला हवी.

प्रश्न : ज्याचं पालकत्व घेतलंय त्या मुलाला खेळणी पाठवावीत का? त्याने फेसबुकवर मैत्रीची विनंती पाठवली आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खेळणी नकोत. पार्सलवर सीमाशुल्क पडतं, ते भरायला कुटुंबालाच शहरात जावं लागतं, आणि वर्गातली बाकीची मुलं बघत राहतात. पत्र लिहा, संस्थेमार्फतच. भाषांतर होऊन पोहोचायला दोन-तीन महिने लागू शकतात. स्वतःचा पत्ता, फोन त्यात घालू नका. घर, गाड्या, सहली यांचे फोटोही नकोत. पाऊस, शाळा, घरातली मांजर यावर लिहा.

फेसबुकची विनंती स्वीकारू नका, नाकारूनही गप्प बसू नका. तिचा स्क्रीनशॉट संस्थेला पाठवा. खातं त्या मुलाचंच आहे का हे त्यांनी तपासायला हवं, कारण मुलाच्या नावाने जादा पैसे मागायला दुसराच कुणी पुढे येतो. संस्थेने दोन आठवड्यांत उत्तर दिलं नाही, तर त्यांच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला लिहा. असा अधिकारीच नसेल तर पालकत्व थांबवा, मात्र दोन महिन्यांची सूचना द्या आणि मुलाला निरोपाचं एक पत्र जाऊ द्या, म्हणजे पत्रं का थांबली हे त्याला कळेल.