ए९१ म्हणजे ए९७.२ नव्हे : निदानाच्या कोडविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ट्रस्टच्या रुग्णालयात एमआरडीत (रुग्णनोंदी विभागात) काम करते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये डेंग्यूच्या नोंदी आयसीडी-१० (जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे वर्गीकरण) मधल्या ए९० आणि ए९१ या कोडने आहेत, नव्यात ए९७ चे उपकोड आहेत. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, सरसकट ए९० चे ए९७.० आणि ए९१ चे ए९७.२ करून देतो. होकार देऊ का? – नाशिक

नका देऊ. हे नुसते नाव बदलणे नाही, मधल्या काळात आजाराची विभागणीच बदलली आहे. ए९० म्हणजे साधा डेंग्यू ताप, ए९१ म्हणजे डेंग्यू रक्तस्रावी ताप. त्यासाठी ताप, रक्तस्रावाची खूण, एक लाख किंवा त्याहून कमी प्लेटलेट आणि प्लाझ्मागळती (रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपणे) असे चारही लागत; शॉक असायलाच हवा असे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नवी विभागणी आणली, ए९७ तिच्यावर बेतलेला आहे. ए९७.२, म्हणजे तीव्र डेंग्यू, यासाठी शॉक येईल किंवा श्वास लागेल इतकी गळती, मोठा रक्तस्राव किंवा एखाद्या अवयवाला गंभीर इजा, यांपैकी एक हवे.

आता दोन केसपेपर शेजारी ठेवून बघा. पहिल्या रुग्णाच्या प्लेटलेट ऐंशी हजार, टूर्निके चाचणी (दंडाला पट्टा आवळून त्वचेवर रक्ताचे ठिपके येतात का ते पाहणे) पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत पोटात थोडे पाणी, बीपी उत्तम. जुन्या पद्धतीने ए९१. नव्या पद्धतीने ए९७.१, म्हणजे धोक्याची लक्षणे असलेला डेंग्यू. दुसऱ्याच्या प्लेटलेट दीड लाख, गळती नाही, पण एएलटी (यकृताची इजा दाखवणारी रक्तचाचणी) हजाराच्या वर. जुन्यात तो साधा ए९०, नव्यात मात्र ए९७.२. सरसकट नियम लावला तर पहिला उगाच तीव्र ठरेल आणि यकृत धोक्यात असलेला दुसरा ‘धोक्याची लक्षणे नाहीत’ या रकान्यात जाईल. पुढे कुणी त्या आकड्यांवरून आयसीयूच्या खाटांचा अंदाज बांधला, तर तो चुकीचाच निघणार.

म्हणून दोन्ही जुन्या कोडना ए९७.९ द्या, म्हणजे ‘डेंग्यू, तीव्रता नोंदलेली नाही’. मूळ कोड वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा राहू द्या. तो पुसायला कुणालाही परवानगी नसावी. तीव्रता कळणे गरजेचेच असेल, तर केसपेपर काढून माणसाने वाचून नव्याने कोड द्यावा. सगळे जमणार नसेल तर मृत्यू आणि आयसीयूच्या केसेसपासून सुरुवात करा. काम किचकट आहे, पण त्याला पर्याय नाही.

प्रश्न : आयसीडी असताना स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांचा सांकेतिक कोश) कशाला? डॉक्टरांनी दोनदा कोड टाकत बसायचे का? – सातारा

डॉक्टरसाहेब, तुम्ही एकदाच नोंदवायचे, तेही स्नोमेडमध्ये. आयसीडी मोजणीसाठी आहे. तिचे मूळ बर्तियाँ यांच्या १८९३ च्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. मोजणी करायची तर प्रत्येक केस एका आणि एकाच खान्यात बसवावी लागते, म्हणून तिथे ‘इतर’ आणि ‘अनिर्दिष्ट’ हे खाने येतात. स्नोमेड केसपेपरसाठी आहे. त्यात साडेतीन लाखांच्या आसपास संकल्पना एकमेकींशी नात्याने जोडलेल्या आहेत : टाइप २ मधुमेह ४४०५४००६, त्याच्या वर मधुमेह ७३२११००९. स्नोमेडवरून आयसीडीकडे जायला नियमांसह तयार मॅप (कोडांच्या जुळणीचा तक्ता) मिळतो. उलट दिशेने मात्र ‘इतर’च्या खान्यात नेमके कोण होते, हे कुठलाही मॅप सांगू शकत नाही. भारत २०१४ पासून स्नोमेडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे देशात वापरायला परवाना शुल्क नाही. स्नोमेडचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे.

प्रश्न : मॅपिंगची यादी एक्सेलमध्ये उघडली की काही कोड बिघडतात. – ठाणे

बिघडणारच. आयसीडी-११ या नव्या आवृत्तीतला १ई५० (तीव्र विषाणूजन्य कावीळ) एक्सेलला एकावर पन्नास शून्ये वाटतो. आयसीडी-९ चा २५०.०० नुसता २५० होतो. सगळ्यात घातक म्हणजे स्नोमेडचे लांब आयडी : ते अठरा अंकीही असतात आणि एक्सेल पंधरा अंकच सांभाळते, पुढे शून्ये भरते. फाइल थेट उघडू नका; इम्पोर्ट करताना रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. स्नोमेडचा शेवटचा अंक तपासणी अंक असतो, तो पडताळून घ्या. बिघडलेले बहुतेक आयडी तिथेच सापडतात.

प्रश्न : मी पुण्यात अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग करते. प्रबंधासाठी भारतातल्या क्षयाच्या नोंदी त्यांच्या नोंदींशी जुळवते आहे, पण त्यांच्याकडे ए१६ सापडतच नाही.

तुमची यादी बरोबर आहे. मूळ आयसीडी-१० मध्ये श्वसनमार्गाचा क्षय प्रयोगशाळेत सिद्ध झाला असेल तर ए१५, नसेल तर ए१६. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून जी आवृत्ती चालते तिच्यात ए१६ नाही. दोन्ही ए१५ मध्येच जातात. कोविडचेही तेच : चाचणीने सिद्ध न झालेल्यासाठीचा यू०७.२ तिथे घेतलाच नाही. म्हणजे ए१५ दिसायला एकच, अर्थ दोन. आपल्याकडे लहान मुलांचा बेडका मिळणे अवघड, त्यामुळे कितीतरी निदाने लक्षणे आणि एक्स-रेवर होतात. ए१६ ला इथे फार महत्त्व आहे. दोन्ही देशांचे एकूण श्वसनमार्गाच्या क्षयाचे आकडे शेजारी ठेवा, पण ‘सिद्ध झालेल्यांचे प्रमाण’ या कोडवरून काढू नका. ओमॉप (वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नोंदी एका साच्यात आणण्याची पद्धत) वापरत असाल तर आयसीडी-१० आणि तिची अमेरिकी आवृत्ती तिथे दोन वेगळे शब्दसंच आहेत. नोंद भरताना त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

प्रश्न : संधिगत वाताच्या (आयुर्वेदातले सांधेदुखीचे निदान) रुग्णाला ऑस्टिओआर्थ्रायटिसचा (सांध्यांची झीज) कोड दिला तर चालेल का? – एक वैद्य, कोल्हापूर

वैद्यराज, एकाच्या जागी दुसरा देऊ नका. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी निदानांसाठी आयसीडी-११ चा टीएम-२ हा पारंपरिक वैद्यकाचा विभाग १० जानेवारी २०२४ ला नवी दिल्लीत जाहीर झाला, आणि आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ कोड त्याआधीपासून आहेत. तुमचे निदान तिथे, तुमच्या शास्त्राच्या नावाने नोंदवा. गुडघ्याच्या तपासणीवरून ऑस्टिओआर्थ्रायटिसचे निदानही झाले असेल, तर एफए०१ (गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस) हा दुसरा कोड जोडीला द्या. झाले नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. सॉफ्टवेअर रिकामा रकाना स्वीकारत नसेल, तर ते दुरुस्त करून मागा.