ब्रिटनमध्ये मुलं वेगळी राहायला गेल्यावर कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) तीन बेडरूमच्या भाड्याच्या घराचा हाउसिंग बेनिफिट, म्हणजे भाड्यासाठीची सरकारी मदत, कापला. लहान घर मिळत नाही, काय करावं?

एप्रिल 2013 पासूनचा नियम आहे: गरजेपेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर पात्र भाड्याच्या (ज्या भाड्यावर मदत मोजतात त्याच्या) 14 टक्के, दोन किंवा अधिक असतील तर 25 टक्के कपात. आठवड्याला 120 पौंड भाडं असेल तर 16.80 किंवा 30 पौंड खिशातून जातात. पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूंना हे लागू नाही.

आधी खोल्यांचा हिशेब तपासा. तुमच्या देखभालीसाठी रात्री थांबणाऱ्या व्यक्तीची खोली धरली जाते, ती बरेचदा सुटते. कौन्सिलकडे तात्पुरत्या भाडे-मदतीचा अर्ज टाका. एक बेडरूमची घरं मुळातच कमी, त्यामुळे नुसत्या प्रतीक्षायादीवर विसंबू नका, दुसऱ्या भाडेकरूशी घराच्या अदलाबदलीसाठीही नाव नोंदवा. मात्र घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय हलू नका. भाड्याची थकबाकी असेल तर तिथेच गाडं अडतं.